मधली सुट्टी कापणारी बाई

चौथीच्या वर्गावर होते तेव्हा माझ्या टाचणवहीत शारीरिक शिक्षणाच्या तासापुढे दर आठवड्याला ‘कवायत व साधे व्यायामप्रकार’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात त्या तासाला वर्ग बुद्धिमत्ता चाचणीच्या आकृत्या सोडवत बसलेला असायचा. शिष्यवृत्तीची परीक्षा २०१७ पासून पाचवी-आठवीला होऊ लागली. माझ्या काळात ती चौथी-सातवीला होती. पास झालेल्यांची नावं शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवली जायची आणि खाली मार्गदर्शक शिक्षक म्हणून आपलंही नाव यायचं. लंगडीत कुणाला न सापडणाऱ्या पोराचं नाव भिंतीवर कुणी रंगवत नव्हतं. त्यामुळे जादा तासासाठी कुठला तास कापायचा, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. टाचण तपासणाऱ्यांना खरं काय ते ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. सही होऊन वही परत यायची.

निवृत्तीनंतर खेळाबाबतच्या माझ्या चुका आठवायला बसले, तर त्यांतली ही सगळ्यात लहान निघाली. तास कापला तर तो सगळ्या वर्गाचा कापला जायचा. मधल्या सुट्टीचं तसं नव्हतं. ती मी माणूस बघून कापायचे.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. आजूबाजूला यंत्रमागाचे कारखाने, चादरी-टॉवेलांची गोदामं, दोन-दोन खोल्यांची घरं. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू बोलायची आणि शाळेत मराठीतून शिकायची. बाप मागावर, आई विड्या वळणारी. मैदान म्हणजे मुरूम टाकलेला एक तुकडा आणि कडेला कडुलिंब. मधली सुट्टी अर्ध्या तासाची; त्यात खिचडीची रांग, ताट धुणं, नळावरची ढकलाढकली. या सगळ्यातून जो उरेल तो वेळ खेळायला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल व्हायला हवी. आमच्या मुलांना शाळेतून मिळत होती ती फार तर पंधरा-वीस. त्यातूनही मी कापत होते.

पद्धत साधी होती. ज्यांचा गृहपाठ झालाय, त्यांनी बाहेर जायचं. राहिलाय त्यांनी खिचडी खाऊन वर्गात यायचं आणि पूर्ण करायचा. मधली सुट्टी माझ्या लेखी रेशनवरची साखर होती, कार्ड बघून द्यायची. आणि हे मला फार सौम्य वाटायचं. मी छडी कधी वापरली नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी घातली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झाली. मला मात्र स्वतःत काहीच बदलावं लागत नाही याचा अभिमान वाटला. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान असलंच पाहिजे, असंही लिहिलेलं आहे. ते मी वाचलं होतं आणि आपल्याला मैदान आहे, म्हणजे प्रश्न मिटला, असं समजून पान उलटलं होतं.

मागे कोण राहायचं, ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर लक्षात आलं असतं की चेहरे ठरलेले आहेत. हळू लिहिणारा एक मुलगा. एका जागी बसताच न येणारा, सतत बाकाखाली वाकणारा एक. आणि चार-पाच मुली. म्हणजे ज्याला धावून येण्याची सगळ्यात जास्त गरज, तोच नेमका बाकावर. जो मुळातच शांत बसतो, लवकर लिहितो, तो बाहेर. पुढच्या तासाला हा बाकाखाली वाकणारा मुलगा आणखी वाकायचा, शेजाऱ्याला पेन्सिल टोचायचा, आणि ‘याला कितीही सांगा, सुधारत नाही’ म्हणून मी दुसऱ्या दिवशीही त्याला आत ठेवायचे. माझ्या शिक्षेनेच शिक्षेचं कारण तयार होत होतं. दुपारच्या तासाला ही मुलं काही शिकत नाहीत, हेही मला दिसत होतं. तरी चालू ठेवलं, कारण वह्या पूर्ण होत होत्या. तपासणीला वह्या बघतात.

यावर संशोधन झालेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या अँथनी पेलेग्रिनी यांनी १९९०च्या दशकात शाळकरी मुलांचं निरीक्षण केलं. सुट्टी जितकी लांबणीवर टाकली तितकं मुलांचं कामातलं लक्ष उडत गेलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये तर थेट भूमिकाच घेतली, की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलाची मधली सुट्टी काढून घेऊ नये. माझी पद्धत एका वाक्यात खोडून काढलेली होती. पण मी बदलले ती हे वाचून नाही. मला बदललं एका आईने.

पालकसभा संपल्यावर ती थांबली होती. तिची मुलगी माझ्या त्या चार-पाच मुलींपैकी एक. मी गृहपाठाचं पुराण सुरू केलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, अभ्यास राहिला तर दोन रट्टे द्या, पन तिची सुट्टी काढून घिऊ नका. घरला आली की पानं कापायला बसती माझ्याजवळ. खेळनं हाय ते तेवढंच हाय तिचं.”

तेंदूची पानं ओली करायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि कारखान्यात मोजून द्यायच्या. आईचा हजाराचा आकडा भरायला मुलीचे हात लागायचे, म्हणून गृहपाठ राहायचा. गृहपाठ राहिला म्हणून मी सुट्टी कापायचे. घरी कामामुळे खेळ नाही, शाळेत कामाच्या शिक्षेमुळे खेळ नाही. रट्टे द्या म्हणणाऱ्या त्या बाईला मुलीच्या दिवसाचा हिशोब माझ्यापेक्षा चांगला कळत होता. मी तिला म्हणाले, बघते. तेवढंच. कबूल करायची तयारी त्या दिवशी नव्हती. सुट्टी कापणं बंद केलं तेही एकदम नाही. आधी मुलींचं, मग हळूहळू सगळ्यांचं. राहिलेला गृहपाठ वर्गातच, परिपाठानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत करून घ्यायला लागले. तो तिथे आरामात बसला. इतकी वर्षं बसू शकला असता.

खरं तर हे सगळं मी डी.एड.ला शिकले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावरची टीप तर मला तोंडपाठ होती. १९४५ साली बोर्डीला काम सुरू झालं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाईंनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. या टिपेला मला पूर्ण गुण होते. त्या बायकांनी मूल जिथे आहे तिथे शाळा नेली. मी शाळेच्याच अंगणातून मूल उचलून बाकावर आणलं. टीप आणि वर्ग यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

आता कडुलिंबाची गोष्ट. एका मुलाचा हात मोडला. खालच्या फांदीवरून पडला. हाड जुळून आलं, पण आई-वडील शाळेत आले, मोठा आवाज झाला. त्यानंतरच्या बैठकीत खालच्या फांद्या तोडून टाका, म्हणजे कुणी चढणारच नाही, अशी सूचना मी केली. सगळ्यांना पटली. फांद्या तोडल्या. पुढच्या महिन्यात पोरं सायकल स्टँडच्या पत्र्यावर चढायला लागली. पत्रा गंजका, खाली सायकलींचे दांडे. झाडाखाली निदान माती होती.

तो मुलगा पडला कसा, याची चौकशी कुणी केली नव्हती, मीही नाही. नंतर मुलांकडूनच कळलं, की त्याला चढता येत नव्हतं. मोठ्या पोरांनी खालून ढकलून वर चढवलं होतं. जो स्वतःच्या हातापायांनी चढतो, तो फांदी दाबून बघतो, पाय ठेवून बघतो आणि आपल्याला उतरता येईल तेवढंच वर जातो. ढकलून वर गेलेल्याला उतरायची वाट ठाऊक नसते. म्हणजे नियम एकच लागत होता: कुणी कुणाला वर चढवायचं नाही. तो मी केला असता तर झाडही राहिलं असतं आणि चढणंही.

नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळांची वर्गवारी मांडली. उंचीवर जाणं, वेगाने जाणं, धारदार वस्तू हाताळणं, पाणी-आगीसारख्या गोष्टींजवळ खेळणं, झोंबाझोंबी करणं आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. ही यादी वाचताना मी चमकले, कारण आमच्या शाळेच्या नियमावलीत नेमक्या याच सहा गोष्टींना मनाई होती. यातल्या काही गोष्टी शाळेत बंदच असायला हव्यात, यात वाद नाही. मुरमावर सळई फेकून रोवण्याचा खेळ मी आजही चालू देणार नाही. पण सगळंच बंद केलं की पोरं आपला अंदाज घ्यायला कुठे शिकणार? आमच्याकडे ती पत्र्यावर शिकली.

सुट्टी परत दिल्यावर मला फार उत्साह आला आणि त्या उत्साहात मी पुढची चूक केली. मी शिट्टी घेतली. आता मधल्या सुट्टीत मी मैदानावर उभी. संघ मी पाडणार, खेळ मी ठरवणार, आउट मी देणार. खो-खो, लंगडी, साखळी, सगळं शिस्तीत. बघायला छान वाटायचं. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. फोटोही निघाले.

काही दिवसांत दोन गोष्टी दिसायला लागल्या. पहिली, आउट झालेले कडेला बसून राहायचे. आणि सगळ्यात आधी आउट व्हायचे ते हळू पळणारे, म्हणजे ज्यांना पळायची सवय हवी तेच. दुसरी, प्रत्येक भांडण माझ्याकडे यायला लागलं. “बाई, ह्यो रडीचा डाव खेळायलाय.” “बाई, मी आउट न्हाई ओ, ह्याचा हातच लागला न्हाई.” मी न्याय द्यायचे. अर्ध्या सुट्टीत मी न्याय देत असायचे आणि पोरं उभी असायची.

माझ्याआधी हे सगळं ती स्वतः करत होती. राज्य कुणावर, हे चकून ठरायचं. बुटाची नाडी सुटली, काटा टोचला, तर ‘टाइमप्लीज’ म्हणून थांबता यायचं आणि ते सगळे मानायचे. पहिली-दुसरीतलं धाकटं भावंड खेळात घ्यायचं, तर त्याला लिंबूटिंबू करायचे. ते पळायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. भिडू विषम झाले तर एकाला दोन डाव मिळायचे. यातला एकही नियम कुठल्या पुस्तकात नाही, आणि लहानग्याला, अडखळणाऱ्याला खेळातून बाहेर न काढण्याची सोय त्यात आहे. माझ्या शिस्तीच्या खेळात ती सोय नव्हती. ज्याने भांडण जास्त ताणलं त्याच्याशी दुसऱ्या दिवशी कुणी खेळायचं नाही, म्हणून पोरं फार ताणायची नाहीत. मी आल्यावर ताणायला हरकत नव्हती, कारण निकाल बाई देणार होत्या.

गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’मधल्या मास्तरांचाही चौथीच्या वर्गावरचा पहिला दिवस फसतो, योजलेला खेळ उधळला जातो, गोंधळ होतो. ते मास्तर घरी जाऊन आपलं कुठे चुकलं याचा विचार करतात. हे पुस्तक मी वाचलं होतं. विचार करायला मला एक सत्र लागलं. मग शिट्टी कपाटात ठेवली आणि कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले. हात मोडेल, डोकं फुटेल, कुणी एकट्याला घेरून मारत असेल, तरच उठायचं असं ठरवलं. हे बसणं शिकवण्यापेक्षा अवघड होतं. जिभेवर सारखं काहीतरी यायचं.

बसून राहिल्यामुळे मला माझाच अभ्यासक्रम मैदानात दिसला. भिंतीच्या कडेला काही पोरं चोरून विटीदांडू खेळायची. मी गणितात लांबी शिकवताना फूटपट्टी काढायचे. ही पोरं विटी पडली तिथून गल्लीपर्यंतचं अंतर दांडूने मोजत होती, मोजण्याआधी अंदाज सांगत होती, अंदाज चुकला तर वाद घालून पुन्हा मोजत होती. आणि मोजणी चालली होती वकट, लेंड, मूंड अशी, मराठी मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ती तेलुगू आकड्यांवरून आलेली आहे. वर्गात तोंड न उघडणारा एक तेलुगूभाषक मुलगा तिथे मोजणीदार होता आणि त्याचं मोजमाप सगळ्यांना मान्य होतं. लांबीच्या पाठाला पुढच्या वर्षी मी फूटपट्टी नंतर काढली. आधी सगळा वर्ग दांडू घेऊन बाहेर नेला. दोन गटांचे दांडू लहान-मोठे होते, उत्तरं जुळेनात, आणि सगळ्यांसाठी एकच माप का लागतं, हा प्रश्न मुलांनीच विचारला. हा पाठ मी तोवर दर वर्षी फळ्यावर लिहून देत आले होते.

एक गोष्ट डोळ्यांची. वर्गात दर वर्षी दोन-तीन मुलांना फळ्यावरचं दिसेनासं व्हायचं. मी त्यांना पुढच्या बाकावर आणायचे, पालकांना चष्म्याचं सांगायचे, आणि चष्मा येईपर्यंत वह्या मागे पडल्या म्हणून सुट्टीत आत ठेवायचे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचं दिसेनासं झालं होतं; या शाळांत ३०.४ टक्के. भर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन हे द्रव्य जास्त तयार होतं आणि त्यामुळे डोळ्याचा गोळा लांबट होण्याला आळा बसतो, असं त्याचं कारण मानलं जातं. आलेला चष्मा यामुळे जात नाही. तो येण्याआधीच्या वर्षांत बाहेरचा उजेड उपयोगी पडतो. त्यासाठी सोलापूरच्या उन्हात पोरांना भाजून काढायची गरज नाही. कडुलिंबाच्या सावलीतसुद्धा ट्यूबलाइटच्या वर्गापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. मार्च-एप्रिलची सकाळची शाळा तर यासाठी सोयीचीच. हे कळलं तेव्हा मी पहिलीच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, आमचा वाचनाचा कार्यक्रम सुरू आहे, वेळ कुठून काढू? मला त्यांना बोलता येईना. त्यांच्या तोंडून मीच बोलत होते.

पालकांशीही मला नीट बोलता आलं नाही. “शाळेत खेळायलाच पाठवतो का?” असं कुणी विचारलं की मी घाईने सांगायचे, खेळाने गणित सुधारतं, लक्ष लागतं, डोळे चांगले राहतात. हे सगळं खरं आहे, आणि मी ते इथेही सांगितलं. पण त्या उत्तरात खेळ पुन्हा अभ्यासाचा नोकरच होतो. उद्या कुणी सिद्ध केलं की खेळून गणित सुधारत नाही, तर मग सुट्टी कापायची का? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचं कलम ३१ मुलाला विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क देतं. भारताने ती संहिता १९९२ मध्ये मान्य केली. तिथे गृहपाठाची अट नाही. त्या आईनेही गणिताचं काही म्हटलं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की जे मुलीचं आहे ते मुलीकडे राहू द्या.

शेवटची चूक मी सुधारू शकले नाही, म्हणून ती सगळ्यात मोठी. कुणी न कापलेल्या सुट्टीतही मैदान मुलांचंच होतं. क्रिकेटचा एक डाव मधोमध मांडला की दहा-बारा पोरं सगळा मुरूम व्यापायची. मुली पायऱ्यांवर गजगे खेळत बसायच्या. हाताची आणि नजरेची करामत त्यात असते, पण पाय हलत नाहीत. तिसरीपर्यंत लंगडीत पुढे असलेल्या मुली चौथीत पायरीवर यायच्या, आणि मी म्हणायचे, ‘मुली बघा कशा शहाण्यासारख्या बसतात.’ किती वेळा म्हणाले असेन. माझ्या शाबासकीने त्यांना आणखी बसवलं.

हे ध्यानात आल्यावर आठवड्यातले दोन दिवस मैदान मुलींना, असा नियम मी माझ्यापुरता सुरू केला. पहिले दिवस मुली मैदानावर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मग डबा ऐसपैस सुरू झाला, मग लगोरी, आणि त्या लगोरीचा आरडाओरडा वरच्या मजल्यापर्यंत जायला लागला. मुलांनी घरी तक्रार केली, घरचे शाळेत आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, कशाला वाद, आधीसारखं चालू द्या. मी चालू दिलं. शिष्यवृत्तीच्या जादा तासांना खोली मिळावी म्हणून याच खोलीत मी तासभर वाद घातला होता. मुलींच्या दोन दिवसांसाठी पाच मिनिटंही भांडले नाही.

आता नव्या शिक्षिका कधी भेटल्या आणि खेळाचं काय करू म्हणून विचारलं, तर मी त्यांना साहित्य आणा, नवे खेळ शिकवा असं सांगत नाही. सुट्टी कुणाचीही कापू नका, चढणाऱ्याला चढू द्या आणि ढकलणाऱ्याला अडवा, शिट्टी घरी ठेवा, एवढं सांगते. आणि मग सांगते, की मैदानाच्या मधोमध कोण आहे आणि पायरीवर कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात बघून घ्या. पायरीवरच्यांसाठी मुख्याध्यापकांशी भांडावं लागेल. ते भांडण मी टाळलं. तुम्ही टाळू नका.